बुलंद दरवाज्यावरचा आपला खान्देश



वाल्मीकि रामायणात शबरीची उष्टी बोरं नाहीत. लक्ष्मणरेषाही नाही. हे मी नात्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं तेव्हा दोन काका रागावले आणि एका मावशींनी विचारलं, "मग इतकी वर्षं आम्ही खोटंच ऐकलं का रे?" रागाचं काही नाही, पण मावशींचा प्रश्न डोक्यात राहिला. ग्रंथाच्या बाहेर राहिलेली गोष्ट खोटी असते का? या वेळचं उदाहरण ख्रिस्ती परंपरेतलं आहे. लांबचं वाटेल, पण ते आपल्या बुऱ्हाणपुरातून जातं.

आमचं बहादरपुर बुऱ्हाणपूरच्या शेजारी. गावातले जाणते नाव बहादूरखान फारुकीशी जोडतात. हा खान्देशचा शेवटचा फारुकी सुलतान. अकबराने १६०० मध्ये बुऱ्हाणपूर घेतलं, मग असीरगडाला वेढा घातला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड त्याच्या हाती आला. खान्देशाचं नाव बदलून शाहजादा दानियालच्या नावावरून 'दानदेश' केलं गेलं. ते नाव काही टिकलं नाही, हे आपण सगळे जाणतोच!

या विजयाचा लेख फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाज्यावर आहे. त्यात दख्खन आणि पूर्वी खान्देश म्हणवला जाणारा दानदेश जिंकल्याची नोंद आहे, हिजरी १०१० हे वर्ष आहे. आणि त्याच लेखात पुढे येशूच्या नावाने एक वचन येतं. जग हा एक पूल आहे, तो ओलांडून जावा, त्यावर घर बांधू नये, असा त्याचा आशय. मुलूख जिंकल्याच्या फलकावर असं वचन कोरून घेणारा बादशहा मला तरी दुसरा माहीत नाही.

आता गंमत अशी, की हे वचन बायबलमध्ये कुठेच नाही. मुस्लिम परंपरेने ते शतकानुशतकं जपलं. अल्-गझालीच्या ग्रंथातही येशूच्या तोंडी ते आहे.

बायबल एका दिवसात, एका बैठकीत ठरलं नाही. पहिल्या काही शतकांत येशूबद्दलची अनेक पुस्तकं लोक वाचत होते. अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याने ३६७ साली एका पत्रात नव्या कराराच्या २७ पुस्तकांची यादी दिली. आजही तीच २७ आहेत. आमच्या भाषेत सांगायचं तर रिलीज झालं आणि बाकीचं ड्राफ्टमध्ये राहिलं. (ज्यू धर्मग्रंथांच्या बाबतीत अजून मजा आहे. हनोखचं पुस्तक जवळपास सगळ्यांनी वगळलं, इथिओपियाच्या चर्चने मात्र बायबलमध्येच ठेवलं.)

पण ड्राफ्टमधलं पुसलं गेलं नाही. मरियमच्या आईवडिलांची नावं आन्ना आणि योआकीम, हे नव्या करारात नाही. दुसऱ्या शतकातल्या, बाहेर राहिलेल्या एका पुस्तकात आहे. तरी चर्च त्यांचे सण पाळतं. बाळ येशू मातीच्या चिमण्या करून उडवतो ही कथाही बाहेरचीच, पण मातीच्या पक्ष्यात प्राण फुंकण्याचा उल्लेख कुराणात आहे. इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ १९४५ साली जुन्या पोथ्या सापडल्या, त्यात थॉमसच्या नावाचं शुभवर्तमान होतं. त्यात वाटसरू होऊन राहा अशा अर्थाचं एक अगदी छोटं वचन आहे. पुलाच्या वचनाशी त्याचं नातं असावं असं काही अभ्यासकांना वाटतं. सिद्ध करणं अवघड आहे, पण ओढ मलाही वाटते.

असीरगडच्या मोहिमेत अकबराबरोबर जेरोनिमो झेवियर हा जेझुइट पाद्री होता. गोव्यात ज्यांचं शव ठेवलं आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातला. आग्र्याला परतल्यावर, १६०२ मध्ये, त्याने अब्दुस सत्तार लाहोरी याच्या मदतीने अकबरासाठी फारसीत येशूचं चरित्र पुरं केलं, 'मिरात-उल-कुद्स'. त्यात बायबलबरोबर या बाहेरच्या कथाही त्याने घेतल्या. १६३९ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला लुई द द्यू या प्रॉटेस्टंट पंडिताने ते लॅटिन भाषांतरासह छापलं, आणि मुखपृष्ठावरच जाहीर केलं की झेवियरने ही कथा भ्रष्ट केली आहे. पुस्तक छापायचं आणि शीर्षकातच त्याला नावं ठेवायची! आमच्या ग्रुपवरच्या काकांची आठवण झाली.

मला द द्यूचं अर्धंच पटतं. कोणती गोष्ट कुठून आली हे स्वच्छ सांगायला हवं, यात तो बरोबर. पण मिसळलेलं म्हणजे नासलेलं, हे पटत नाही. मावशींनाही तेच लिहिलं: बोरं वाल्मीकींची नाहीत, पण ज्यांनी ती रामाला खाऊ घातली त्यांना शबरी कळली होती. त्यावर मावशींचं उत्तर आलं, "मग मी नातवाला सांगू ना?" सांगा म्हटलं, फक्त वाल्मीकींच्या नावावर खपवू नका.

आणि एक. सिक्रीचा तो लेख भक्करच्या मीर मुहम्मद मासूम 'नामी' याचा. त्याचेच लेख असीरगडावर आणि बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतही आहेत. मशिदीत फारुकींच्या काळचा संस्कृत शिलालेखही आहे. दिवाळीत गावी याल तेव्हा मुलांना घेऊन जा, आणि फोटो काढलेत तर अंकासाठी पाठवा.