वर्गणी आमची, आवाज कुठला?

माझा मुलगा अमेरिकेत, पश्चिम कॅन्ससमधल्या एका छोट्या गावी डॉक्टर आहे. बाहेरदेशच्या डॉक्टरांना व्हिसाच्या अटीपायी पुष्कळदा अशाच आडगावी नोकरी धरावी लागते. तसा तो गेला आणि तिथेच रमला. गव्हाची रानं, गुरांचे गोठे, धान्याचे उंच सायलो आणि मध्ये सरळसोट रस्ता. आपला किराणा मिळतो विचिटात, गाडीने साडेतीन तासांवर. मागच्या उन्हाळ्यात सून आणि मी तूरडाळ आणायला निघालो की ती रेडिओचं बटण दाबायची आणि आकडे आपोआप पळायचे. 88 ते 92 मेगाहर्ट्झच्या मध्ये ते थांबले, की बहुतेक वेळा येशूचं गाणंच लागायचं.

"आई, बदलू का?" सून विचारायची.

मी म्हणायचे, राहू दे. माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, काकड्याच्या भोंग्याने उठले. देवाच्या गाण्याचं मला वावडं नाही. मी चमकले ते निवेदक गाणी थांबवून पैसे मागू लागला तेव्हा. अमक्या गावच्या बाईंनी महिन्याला तीस डॉलर कबूल केलेत, तमक्या ट्रक ड्रायव्हरने चाळीस, अजून इतके जण हवेत, फोन करा. सप्त्याआधी आमच्याकडे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतात, तीच तऱ्हा. फक्त इथे वर्गणी मागणारा ओट्यावर बसून चहा घेत नाही.

88 ते 92 हा पट्टा अमेरिकेत 1945 पासून शैक्षणिक, बिनव्यापारी केंद्रांसाठी राखलेला आहे. तिथे जाहिराती चालत नाहीत, म्हणून श्रोत्यांपुढे हात पसरायचा. ख्रिस्ती वाहिन्यांनी हे तंत्र चांगलंच साधलं. त्यांतली सगळ्यात मोठी के-लव्ह. 1982 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा शहरात तिची सुरुवात झाली. कार्यक्रम एका ठिकाणी करायचा, उपग्रहावर चढवायचा आणि गावोगावच्या मनोऱ्यांवरून खाली उतरवायचा. छोट्या गावांत पुष्कळदा फार तर 250 वॉटचं एक यंत्र असतं, त्याला ना स्टुडिओ ना माणूस. या गरिबीवर कोणी जाऊ नये. 2019 मध्ये के-लव्हच्या संस्थेने एका व्यापारी कंपनीकडून सहा मोठी केंद्रं 10 कोटी 35 लाख डॉलरना घेतली. न्यूयॉर्कचं नावाजलेलं डब्ल्यूपीएलजे त्यांतलंच.

शेजारच्या बाई ऐंशीच्या पुढच्या. यजमान गेले, मुलं डेन्व्हरला. त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक रेडिओ दिवसरात्र चालू असतो. त्या महिन्याला वीस डॉलर पाठवतात. मी जरा खोचकपणे विचारलं, "इतक्या लांबच्या माणसांना कशाला?" सुनेने भाषांतर केलं. बाई म्हणाल्या, "रात्री तीनला जाग येते. तेव्हा कोण बोलतं माझ्याशी?" मी गप्प बसले. एकटेपणाचा हिशेब मला मांडता येत नाही, आणि त्यांच्या वीस डॉलरवर बोट ठेवणारी मी कोण?

तरी बोलायला हवं. जूनमध्ये विचिटाहून परतताना आभाळ हिरवट काळं झालं. लिंबाएवढ्या गारा टपावर आपटायला लागल्या. आमच्या रेडिओवर अशीच एक उपग्रहावरची वाहिनी होती, नाव नको. निवेदिका उन्हाळ्याच्या सुंदर संध्याकाळबद्दल अगदी मनापासून बोलत होती. तिच्या गावी असेलही सुंदर. सुनेने खरखरणारं एएम लावलं. तिथे एक वयस्कर आवाज सांगत होता, अमक्या रस्त्यावर विजेचे खांब आडवे झालेत, अमक्या सायलोची शेड उघडी आहे, गाड्या आत घ्या. आम्ही त्या शेडमध्ये पाऊण तास उभ्या होतो. सकाळी तोच आवाज गव्हाचा भाव सांगतो आणि कोणाचा अंत्यविधी किती वाजता हेही. त्याला कोणी वर्गणी देत नाही; तो ट्रॅक्टरच्या जाहिरातींवर जगतो, आणि त्याही घटल्यात असं मुलगा म्हणाला.

माणसाशिवायचं केंद्र फक्त देवाच्याच लोकांनी चालवलं असं नाही. जानेवारी 2002 मध्ये नॉर्थ डकोटातल्या मायनॉट शहराजवळ रेल्वेचे डबे घसरले आणि अमोनिया गळला. शहरातली सहा केंद्रं एकाच व्यापारी कंपनीची होती. त्या रात्री पोलिसांना रेडिओवरून लोकांना वेळेवर सांगता आलं नाही. एक माणूस गेला, शेकडो आजारी पडले. त्यावर तिकडे बरीच वर्षं वाद झाला. पण परवाना ज्या गावाच्या नावाने, त्याच्या आसपास मुख्य स्टुडिओ हवा, हा जुना नियम 2017 मध्ये काढूनच टाकला. उपग्रहावरच्या वाहिन्यांना त्यातून आधीच सूट मिळत असे.

श्रोत्यांनीच आपल्या भागात माणूस मागितला तर मात्र वाहिन्यांना ऐकावं लागेल. या श्रोत्यांची ताकद साधी नाही. 1974 मध्ये रेडिओतल्या दोघांनी अर्ज केला, की राखीव पट्ट्यात धार्मिक संस्थांना नवे परवाने देणं तूर्त थांबवा. 1975 मध्ये परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाने तो फेटाळला. पण धार्मिक प्रसारणच बंद होणार अशी आवई उठली ती उठलीच, आणि आयोगाकडे पुढची कित्येक वर्षं निषेधाच्या पत्रांचे ढीग येत राहिले. न झालेल्या बंदीविरुद्ध लाखो पत्रं! त्यांतली शंभर जरी "आमच्या भागात तुमचा एक माणूस बसवा" म्हणणारी असती, तर?

आपल्याकडे उलटं आहे. 2006 च्या धोरणाने सामाजिक संस्थांना समुदाय रेडिओ उघडून दिला, धार्मिक संस्थांना आणि पक्षांना नाही. आमच्या म्हसवडला 2008 पासून माणदेशी तरंग आहे, 90.4 वर. तिथे बोलणारी बाई आमच्यासारखंच बोलते. माणूस गावचा, आवाज गावचा, पण श्रोता खिशात हात घालत नाही. आम्ही पूर्वी रेडिओच्या परवान्याचे पैसे पोस्टात मुकाट्याने भरायचो. तो परवाना गेल्यापासून रेडिओ फुकटचा, हे डोक्यात पक्कं बसलंय. सप्त्याला पाचशे एक देणारा माणूस रेडिओला पाच रुपये द्यायचं म्हटलं तर हसेल.

तुमच्या भागात असं केंद्र असेल तर आठ दिवस लावून बघा. गावात आज लाइट कधी जाणार, कोणाकडे कांद्याचं रोप आहे, कोण वारलं, हे त्यावर कळत असेल तर तिथे जा आणि वर्गणीची पावती फाडायला लावा.