जुन्या संगणकात लिनक्स टाकताय? मग 'इनिट'च्या वादात किती पडायचे?

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे अमरावती-अकोल्यातल्या घरांतले, झेरॉक्सच्या दुकानांतले धडधाकट संगणकही 'जुने' ठरले. त्यांच्यासाठी लिनक्स हा चांगला पर्याय आहे. पण चौकशी केली की कुणीतरी हमखास सांगतो, 'सिस्टमडी नसलेलेच घ्या!' हा सल्ला मानायचा का?

इनिट म्हणजे काय?
संगणक सुरू होताना कर्नलनंतर सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम म्हणजे इनिट. जिनिंगमधला मुकादमच समजा. तो आधी येतो आणि बाकीच्यांना कामाला लावतो. पूर्वी बहुतेक लिनक्समध्ये हे काम सिसव्ही इनिट करायचा. 2010 मध्ये सिस्टमडी आला. 2011 मध्ये फेडोराने, 2015 मध्ये डेबियन आणि उबुंटूने तो स्वीकारला.

वाद कशाचा?
विरोधकांची तक्रार अशी, की या मुकादमाने हजेरी, किल्ल्या आणि वहीखातेही स्वतःकडे घेतले. नोंदी, लॉगिन, नेटवर्क अशी अनेक कामे एकाच प्रकल्पात आली. म्हणून डेबियनमधून डेव्हुआन वेगळे झाले. त्याची पहिली स्थिर आवृत्ती 2017 मध्ये आली. व्हॉइड लिनक्स 'रनिट' वापरते. आर्टिक्समध्ये इनिट निवडता येतो. अँटिएक्स तर जुन्या यंत्रांसाठीच बनवलेले आहे आणि त्यातही सिस्टमडी नाही.

मग निवड कशी करावी?
तक्रारीत तथ्य आहे आणि पर्याय जिवंत राहायलाच हवेत. पण इनिट बदलल्याने संगणक पळायला लागेल, हा समज चुकीचा आहे. रॅम खातो तो ब्राउझर. दहा टॅब उघडले, की इनिटने वाचवलेली थोडीशी मेमरी कुठल्या कुठे जाते. वेग हवा असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. फरक लगेच दिसेल.

म्हणून आधी काम पाहा. टॅली किंवा कोरलड्रॉवर पोट असेल तर घाई नको; ती लिनक्सवर थेट चालत नाहीत. अभ्यास, ऑनलाइन अर्ज, युनिकोड मराठी टायपिंग एवढेच असेल आणि रॅम 4 जीबी किंवा जास्त असेल, तर लिनक्स मिंट घ्या. त्यात सिस्टमडी आहे, पण अडचण आली तर मदत करणारे जास्त भेटतात. रॅम 2 जीबीच असेल तर अँटिएक्स वापरून पाहा.

आधी पेनड्राइव्हवरून चालवा. वायफाय, प्रिंटर आणि मराठी कीबोर्ड तपासा. फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा, मगच इन्स्टॉल करा. गावात बिघाड दुरुस्त करणारा माणूस कोणते लिनक्स जाणतो, हेही विचारून घ्या. परीक्षेचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी संगणक अडला, तर मुकादम कोणता होता याला काही अर्थ उरत नाही.