लोमशातन आणि ‘कायमचे’ हा शब्द

लग्नसराई जवळ आली की चिकित्सालयात आणि औषधालयाच्या काउंटरवर एक मागणी हमखास होते : “घरच्या घरी लावता येईल आणि केस पुन्हा येणारच नाहीत, असे काहीतरी आयुर्वेदिक द्या.” मागणी करणारी बहुधा तरुण मुलगी असते, सोबत काळजीत पडलेली आई असते. या मागणीला आपण काय उत्तर देतो, यावर आपल्या शास्त्राची पत अवलंबून आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

“लोमशातन तर ग्रंथोक्तच आहे,” असे काही वैद्यबंधू म्हणतात. ते खरे आहे. परंतु कोणत्या संदर्भात, हे पाहिले पाहिजे. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात व्रणाचे ६० उपक्रम सांगितले, त्यांत लोमापहरण येते. व्रणाभोवती केस दाटले की तो नीट भरून येत नाही, म्हणून ते काढावयाचे. त्यासाठी प्रथम वस्तरा, कात्री व चिमटा सांगितला आहे. पुढे दोन भाग शंखचूर्ण व एक भाग हरताळ शुक्तात वाटून लावण्याचा, तसेच भल्लातकतैल व स्नुहीक्षीराचा योग येतो. हा वैद्याच्या देखरेखीखालील व्रणोपचार आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे. केस पुन्हा उगवणार नाहीत, असे अभिवचन त्यातून काढणे म्हणजे ग्रंथाच्या तोंडी आपले शब्द घालणे होय.

हरताळ म्हणजे आर्सेनिकचे गंधकयुक्त संयुग. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या अनुसूची ई(१) मध्ये त्याची गणना विषारी द्रव्यांत केलेली आहे. भल्लातक व स्नुहीक्षीर त्वचेवर फोड उठवतात, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. ओठांवरच्या कोवळ्या त्वचेवर लावण्यासाठी ही द्रव्ये पुडीत बांधून घरी देणे कोणत्याही युक्तीत बसत नाही.

आता ‘कायमचे’ या शब्दाकडे वळू. बाजारातील केसनाशक मलमांत बहुधा थायोग्लायकोलेटचे क्षार असतात. त्यांचा सामू १२ च्या आसपास असतो. ते केसातील केराटीनचे गंधकबंध तोडतात, म्हणून केस विरघळल्यागत गळतो. रोमकूपातील मूळ मात्र शाबूत राहते. काही स्वस्त पुडींतील बेरियम सल्फाइडचे कार्यही असेच. शिवाय ते अपघाताने पोटात गेल्यास रक्तातील पोटॅशियम घसरून स्नायू लुळे पडतात. वॅक्सिंग व थ्रेडिंगने केस मुळापासून उपटला, तरी रोमकूप जिवंत असल्याने काही आठवड्यांत तो परततो. डाळीचे पीठ व हळदीच्या उटण्याने त्वचा स्वच्छ होते आणि चोळल्याने थोडी बारीक लव निघते, इतकेच. थानाका भुकटी व करडईच्या तेलाची जोडीही हल्ली याच आश्वासनावर विकली जाते. त्या आश्वासनाला भरवशाचा आधार नाही.

रोमकूपच नष्ट करणारी पद्धत म्हणजे विद्युत्-विच्छेदन. १८७५ साली सेंट लुईस येथील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी पापणीचे आत वळलेले केस काढण्यासाठी ती वापरल्याचे प्रसिद्ध केले. एकेका रोमकूपात सुई घालावी लागत असल्याने हे काम प्रशिक्षित हाताचे आहे. लेसरबाबत अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासनदेखील ‘कायमचे निर्मूलन’ न म्हणता ‘कायमची घट’ असाच शब्द वापरू देते. घरगुती प्रकाशयंत्रे केसातील रंगद्रव्य तापवतात. त्यामुळे पांढऱ्या केसांवर ती चालत नाहीत आणि सावळ्या त्वचेवर भाजून काळे डाग पडण्याचा धोका असतो. गुण आला तरी तो टिकवण्यासाठी ती पुनःपुन्हा वापरावी लागतात.

याहून गंभीर बाब निदानाची आहे. केश-लोम हे अस्थिधातूचे मल, असे आपण शिकलो. मल वाढला तर दृष्टी धातूकडे व अग्नीकडे जावयास हवी, केवळ मल पुसण्याकडे नव्हे. हनुवटी, छाती वा पोटावर राठ केस येत असतील आणि पाळी अनियमित असेल, तर बीजग्रंथींच्या विकाराचा विचार झालाच पाहिजे. केस अल्पावधीत झपाट्याने वाढले, आवाज जाडावला, तर अर्बुदाची शंका घेऊन रुग्णेला विनाविलंब तज्ज्ञाकडे पाठवावे. काउंटरवरून दिलेली डबी हे निदान कित्येक महिने लांबवते.

उलटपक्षी, पाळी नियमित असलेल्या मुलीच्या ओठावरची बारीक लव हा विकार नव्हे. आईसमक्ष हे स्वच्छ शब्दांत सांगणे, हीदेखील चिकित्साच आहे.

“आम्ही नाही दिले तर शेजारचा देईल,” ही औषधालयचालकांची अडचण मी जाणतो. परंतु औषधांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याचा प्रतिबंध आहे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अशा जाहिरातींना दंडाची तरतूद केली आहे. कायद्याहून मोठी गोष्ट अशी की, तीन महिन्यांनी केस परत आले की ती मुलगी त्या डबीला दोष देत नाही. “आयुर्वेदाचा काही उपयोग झाला नाही,” असे म्हणते.

म्हणून सर्व सभासदांना माझी तीन निवेदने आहेत. ‘कायमचे’ असे छापलेला माल दुकानात ठेवू नये. हरताळयुक्त लेप घरी वापरण्यासाठी देऊ नये. आणि अशी मागणी करणाऱ्या प्रत्येक स्त्रीला, वस्तू देण्यापूर्वी, पाळीविषयी एक प्रश्न अवश्य विचारावा किंवा तिला वैद्याकडे पाठवावे. त्या एका प्रश्नाला खर्च काहीच नाही. न विचारल्यास तो रुग्णेला सोसावा लागतो.