झाकणासकट परत गेलेला डबा



गळीत हंगाम संपत आला की कारखान्याच्या खात्याखात्यांतून एक टूम निघते. यंदा आचारी नको, ज्याने त्याने घरून एकेक जिन्नस आणायचा आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात एरवी दोन घास बरोबर खायची सवड मिळत नाही, तेव्हा कल्पना वाईट आहे असे कोण म्हणेल? आम्ही म्हणतो. आणि हे सभासदांपुढे मांडायचे कारण एवढेच, की त्या पंगतीत बसणारी बरीच मुलेबाळे आपल्याच घरची आहेत.

जरा उभे राहून बघा. साहेबांच्या घरची बासुंदी पाच मिनिटांत संपते. ती चांगली असते म्हणून संपते, की साहेबांची म्हणून, ते देव जाणे! हंगामी कामगाराने आणलेल्या भाकरी-ठेच्याला "वा, अस्सल गावरान!" म्हणून दाद मिळते, पण ताटात पडतो तुकडाच. एखादा डबा तर झाकणासकट परत जातो. का, ते कोणी बोलत नाही. विचारलं तर "पोट भरलं हो." कोणाला आडनाव ठाऊक असतं, कोणाला वस्ती. पहाटे उठून ज्या माउलीने तो डबा भरला, तिला मात्र संध्याकाळी त्याच्या वजनावरून सगळं समजतं.

बायकांचे तर विचारूच नका. नोकरी करणाऱ्या बाईने पाळी सांभाळून पंधरा माणसांची भाजी करायची आणि पुरुष कर्मचाऱ्याने येताना वेफर्सचे पुडके आणायचे. दोन्हींची नोंद 'एक जिन्नस' अशीच!

आपल्या बापजाद्यांची इरजिक आठवा. औतं, बैल ज्याचे त्याचे. पण जेवण ज्याच्या रानात काम त्याच्या घरचं. सगळ्यांच्या पानात तेच. कुणाच्या घरचं काय, याची तुलनाच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तिथे सर्व जातींची पोरे एका पंगतीला जेवली. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी सत्यनारायणाला प्रसाद ठेवला तो झुणका-भाकरीचा. शिऱ्याला तूप-साखर लागते, झुणका कोणाच्याही चुलीवर होतो. या माणसांना पंगत म्हणजे काय ते नीट कळले होते.

तेव्हा आमचे म्हणणे असे, की वर्गणी काढावी, आणि तीही सरसकट नको, पगार बघून. आपल्या सर्वसाधारण सभेत शेअर एक असो की दहा, मत एकच असते. पानात पडणारे अन्नही तसेच एक असावे. काही मंडळी म्हणतील, घरच्या हाताची चव गेली. गेली खरी. हौस असेल त्याने लोणच्याची बरणी आणावी. लोणच्याला कोणी नाही म्हणत नाही, आणि ते परत गेलं तरी वाया जात नाही. मटणाचा वादही आधीच मिटवावा. जत्रेत माळकऱ्यांची पंगत वेगळी बसते, कोणी रुसत नाही, कारण ते अगोदर ठरलेलं असतं. ऐन पंगतीत "यात काय घातलंय?" म्हणून वाटी हुंगणं मात्र शोभत नाही.

आणखी एक. ज्यांच्या कोयत्याशिवाय गव्हाणीत एक मोळी पडत नाही, त्या तोडणी टोळ्यांना या पंगतीत कोण बोलावतो? डबा आणायचा म्हटल्यावर कोपीत राहणाऱ्या बाईने तो कुठून आणावा? एकच आचारी, एकच चूल असली तर निदान हा प्रश्न उरत नाही. फक्त दिवस टोळ्या निघायच्या आधीचा धरावा. शेवटची गाडी काट्यावर आली, की ती माणसं गावाकडे जायला बिऱ्हाड बांधून तयार असतात. तारीख ठरवताना मुकादमाला विचारावं, आणि संकष्टी-एकादशी तेवढी पंचांगात बघून घ्यावी.