मागावरचा माणूस आणि जगाचा बाजार

दिवाळी तोंडावर आली की सोलापूरच्या यंत्रमाग कारखान्यांत बोनसची बोलणी सुरू होतात. 2025 मध्ये त्या बोलण्यांत अमेरिकेचा विषय निघणे साहजिक होते. 27 ऑगस्ट 2025 पासून त्या देशाने बहुतांश भारतीय मालावरचे आयात शुल्क 50 टक्क्यांवर नेले. टेरी टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या शहराला ही बातमी लांबची नव्हती. ऑर्डर थांबली की माग थांबतो, आणि नगावर मजुरी घेणाऱ्याचा हप्ता त्याच आठवड्यात घटतो.

खुल्या बाजाराने सोलापूरला दिलेही आहे. 1 जानेवारी 2005 रोजी कापड व्यापारातला देशनिहाय कोटा उठला आणि टॉवेलची वाट मोकळी झाली. पण परदेशी गिऱ्हाइकाला हजारो नग एकसारखे आणि वेळेवर लागतात. त्यासाठी बिनधोट्याचे माग आले. जुन्या मागावर धोट्यात घालायला कांड्या भराव्या लागत. नवा माग बाण्याचे सूत थेट कोनवरून ओढतो, कांडी लागतच नाही. दुसऱ्या टोकाला शिलाई, तपासणी, घडी, पॅकिंगची कामे वाढली. मात्र कांड्या भरण्यात उमेद गेलेल्या बाईला शिलाई मशीनवर कोणी आपणहून बसवत नाही.

तरी यंत्रमागांआधीच्या कापड गिरण्या बुडाल्याचे सगळे खापर 1991 च्या आर्थिक उदारीकरणाच्या धोरणावर फोडणे बरोबर नाही. सोलापूरची जुनी गिरणी 1949 मध्येच बंद पडली होती. त्यातून ओढवलेल्या बेकारीचा उल्लेख करून केंद्र सरकारने जानेवारी 1950 मध्ये खास वटहुकूम काढला आणि गिरणीचा कारभार हाती घेतला.

एका गिरणीसाठी दिल्ली हलली होती. आज तोच कामगार लहान लहान शेडमध्ये विखुरला आहे. त्याची एक पाळी बुडाली तर तिची साधी नोंदही होत नाही.

ब्रिटनशी 24 जुलै 2025 रोजी झालेल्या व्यापार करारात भारतीय कापडावरचे तिथले शुल्क उठवण्याचे ठरले. त्यामुळे मिळणाऱ्या ऑर्डरी येण्याआधीच काही गोष्टी ठरायला हव्यात. निर्यातीच्या सवलती घेणाऱ्या प्रत्येक कारखान्यात भविष्यनिर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा मिळालाच पाहिजे. कांडीवाल्या बायकांना नवे काम शिकवावे, शिकण्याच्या दिवसांची मजुरीही द्यावी. बंद मागाच्या काळात निदान अर्धी मजुरी मिळावी. सवलत सरकारच देते, तेव्हा या अटी घालणेही सरकारच्याच हातात आहे.