आधी प्रश्न, मग गोळी

बालाघाट जिल्ह्यातल्या कटंगीत माझं औषधाचं दुकान आहे. भाताची रोवणी लागली की दुखण्याच्या गोळ्यांचा खप वाढतो. दिवसभर चिखलात वाकलेल्या बायका संध्याकाळी सुट्ट्या गोळ्या मागतात, तिरोडीच्या मँगनीज खाणीतले मजूरही मागतात. उद्याची मजुरी बुडू नये म्हणून गोळी, तीही पुष्कळदा उपाशीपोटी. डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा कायदा आहे, पण पट्टी कात्रीने कापून देण्याची रीत कायद्यापेक्षा जोरदार आहे.

या गोळ्या रोज पोटात गेल्या की जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी होतं. त्यात बिडीची भर, आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची. मार्शल आणि वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना या जंतूच्या शोधासाठी 2005 साली नोबेल मिळालं. यातून होणारा अल्सर, म्हणजे जठरातला व्रण, औषधांनी बरा होतो. मात्र ‘ॲसिडिटी’ म्हणत दुर्लक्ष केलं तर व्रण खोल जातो आणि एक दिवस आरपार भोक पडतं. लहान आतड्याला टायफॉइडने भोक पडतं, बहुधा तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. टीबी, फुटलेलं अपेंडिक्स, कॅन्सर, पोटावरचा मार हीही कारणं आहेत.

असा रोगी काउंटरवर येतो तेव्हा त्याचं बोलणं साधंच असतं. “गॅस झाली जी, गोळी द्या.” मी विचारतो: दुखणं एकाएकी सुरू झालं का? हलल्या-खोकल्याने वाढतं का? पोट फळीसारखं कडक झालं का? वारा सरतो का? मुतखड्याचा रोगी तळमळतो, येरझारा घालतो. पोट फुटलेला निपचित पडून राहतो, कारण हललं की जीव जातो. खांदाही दुखू शकतो. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे काही तासांनी कळ कधीकधी ओसरते. घरचे म्हणतात, उतार पडला. आत मात्र पू होत असतो आणि विष रक्तात भिनत असतं. अशा वेळी दुखणं दाबणारं इंजेक्शन टोचून घरी पाठवणं म्हणजे रात्र वाया घालवणं.

इलाज ऑपरेशनचाच, क्वचित अपवाद सोडले तर. तोंडाने काही द्यायचं नाही. सलाईन, अँटिबायोटिक, नाकातून नळी. उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेत छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली हवा दिसली की बहुधा निदान पक्कं. मग पोट उघडून किंवा दुर्बिणीने घाण धुऊन काढतात, जठराचं भोक पोटातल्याच चरबीच्या पडद्याने बुजवतात. टायफॉइडमध्ये आतडं फारच खराब असेल तर त्याचं तोंड काही महिने पोटावर काढून पिशवी लावतात.

हे करणारा सर्जन आणि भूल देणारा डॉक्टर तालुक्याला मिळेलच असं नाही. केंद्र सरकारच्याच 2021-22 च्या अहवालानुसार ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या 83 टक्के सर्जन कमी होते. आमच्याकडून बालाघाट पन्नासेक किलोमीटर, नागपूर शंभराच्या पुढे. डेन्मार्कमध्ये अडीच हजारांवर रोग्यांचा अभ्यास झाला. फुटलेल्या अल्सरच्या ऑपरेशनला होणाऱ्या दर तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता 2.4 टक्क्यांनी घटलेली दिसली. तिथे हा उशीर बहुतांशी दवाखान्याच्या आतला. आपला उशीर दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीचा.

सर्जन नेमणं सरकारचं काम आहे, आणि ते मागत राहायलाच हवं. पण पहिला तास आम्हा दुकानदारांच्या हातात आहे. माझे व्यवसायबंधू म्हणतात, मी नाही दिली तर शेजारचा देईल. खरं आहे. म्हणूनच तालुक्यातल्या सगळ्या दुकानांनी मिळून ठरवावं: एकाएकी उठलेल्या पोटदुखीला गोळी विकायची नाही, रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन लावून द्यायचा. रोजच दुखण्याची गोळी नेणाऱ्याला डॉक्टरला दाखवायला सांगायचं. गल्ला थोडा कमी भरेल. तेवढं आपल्याला परवडतं.