‘टीएमसी’चे पाणी मोजायचे कशाने?

पावसाळा सुरू झाला की राज्यातील वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर दोन शब्द रोज कानावर पडू लागतात. धरणांत किती ‘टीएमसी’ साठा झाला आणि नदीत किती ‘क्युसेक’ने पाणी सोडले. कोयना १०५ टीएमसीचे, उजनी ११७ टीएमसीचे, पुण्याला पाणी पुरवणारी खडकवासला साखळीतील चार धरणे मिळून २९ टीएमसीची, हे आकडे अनेकांना तोंडपाठ आहेत. मात्र एक टीएमसी म्हणजे डोळ्यांसमोर किती पाणी आणायचे, असे विचारले तर उत्तर देणारे विरळाच. आकडा ठाऊक असणे आणि त्याचा अंदाज असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नदीकाठी राहणाऱ्यांच्या बाबतीत हा फरक जिवावर बेतू शकतो.

टँकरची रांग

टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष, अर्थात १०० कोटी घनफूट. लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २,८३२ कोटी लिटर. हा आकडा सोपा करून सांगण्यासाठी टँकरचा आधार घेतला जातो. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर एक टीएमसी पाण्याला २८ लाखांहून अधिक टँकर लागतील. प्रत्येक टँकर आठ मीटर लांबीचा मानून ते एकामागे एक उभे केले, तर रांग साडेबावीस हजार किलोमीटरची होईल, म्हणजे पृथ्वीच्या परिघाच्या निम्म्याहून मोठी. ऐकायला हे थक्क करणारे असले, तरी त्याने समज वाढत नाही. २८ लाख टँकर कोणीच पाहिलेले नसतात. वस्तू ओळखीची असली, तरी तिची संख्या अनोळखी राहते.

तुलना उपयोगी पडते ती संख्या आवाक्यात आली तरच. मुंबईचे शिवाजी पार्क सुमारे २८ एकरांचे आहे. त्याच्या चारही बाजूंना भिंती उभारून एक टीएमसी पाणी आत ओतले, तर पाण्याची उंची २५० मीटर भरेल. तीन मीटरचा एक मजला धरला, तर ८० मजल्यांहून अधिक. दुसरे माप दिवसांचे. मुंबईला रोज सुमारे चार हजार दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते. त्या हिशेबाने एक टीएमसी म्हणजे मुंबईचे जेमतेम एका आठवड्याचे पाणी. तिसरे माप घरातले. माणशी रोज १३५ लिटर हा नियोजनाचा निकष लावला, तर पाच जणांच्या सुमारे १ लाख १५ हजार कुटुंबांची वर्षभराची गरज एका टीएमसीत भागते.

टक्केवारीबाबतही अशीच गफलत होते. ‘धरणात दहा टक्के वाढ’ ही बातमी कोयनेची असेल तर ती दहा टीएमसीहून अधिक पाण्याची असते. जेमतेम दोन टीएमसीच्या खडकवासला धरणाची असेल, तर ती पाव टीएमसीचीही नसते. टक्के तेवढेच, पाणी मात्र पन्नास पट.

क्युसेकचे कोडे

साठ्याचा अंदाज चुकला, तर फार तर पाणीकपातीचे गणित चुकते. विसर्गाचा अंदाज चुकला, तर घरात पाणी शिरते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. साधारण दोन घागरी. २५ जुलै २०२४ रोजी पहाटे खडकवासला धरणातून मुठा नदीत सुमारे ३५ हजार क्युसेकने पाणी सोडण्यात आले. सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरातील इमारतींत पाणी शिरले आणि रहिवाशांना बाहेर काढण्यासाठी लष्कराची मदत घ्यावी लागली. पुरेशी पूर्वसूचना मिळाली नाही, अशी तक्रार रहिवाशांनी त्या वेळी केली होती.

३५ हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळपास शंभर टँकर नदीत रिते करणे. याच वेगाने आठ तास पाणी सोडले, तर एक टीएमसी पाणी शहरातून वाहून जाते. खडकवासला धरण चार धरणांत सर्वांत लहान आणि सर्वांत खाली. पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांचे पाणी त्यातच येते. ते साठवून ठेवायला तेथे जागा नसते. वरची धरणे भरलेली असताना पाऊस वाढला, की पाणी सोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

हे सारे समजले, तरी तळमजल्यावर राहणाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. त्याला सेकंदाला किती टँकर, हे नको असते. पाणी आपल्या उंबऱ्यापर्यंत येणार की नाही आणि येणार तर किती वाजता, एवढेच त्याला हवे असते.

मारुतीचे माप

नाशिककरांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले आहे. गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुती हे तेथील पुराचे माप. पाणी मारुतीच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की गळ्यापर्यंत, यावरून नदीकाठचे व्यापारी दुकानातील माल हलवायचा की नाही, हे ठरवतात. मारुती पाण्याखाली गेला, की महापूर. पुण्यात भिडे पुलाला हाच मान आहे. पूल पाण्याखाली गेल्याची वार्ता आली, की मुठेला किती पाणी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फुटांत मोजली जाते. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे तेथील शाळकरी मुलांनाही माहीत असते.

या खुणांचा फायदा केवळ ओळखीपुरता नाही. क्युसेकचा आकडा फक्त धरणातून सुटलेले पाणी सांगतो. धरणाच्या खाली ओढ्यानाल्यांतून येणारे पाणी त्यात धरलेले नसते. पात्रातील भराव आणि अतिक्रमणे यांमुळे तेवढ्याच पाण्याची पातळी किती चढेल, हेही तो सांगत नाही. मारुतीच्या अंगावर चढणाऱ्या पाण्यात या सगळ्याचा हिशेब आपोआप होतो. मात्र त्याची एक मर्यादा आहे. तो आलेले पाणी दाखवतो, येणारे नव्हे. विसर्गाचा आकडा काही तास आधी हाती असतो, पण तो लोकांना उमगत नाही.

म्हणूनच या दोन्हींची सांगड घालणे आवश्यक आहे. पाटबंधारे खात्याकडे २५ वर्षांतून आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषा आहेत. वर्षानुवर्षांच्या विसर्गाच्या नोंदीही आहेत. किती क्युसेकला कोणत्या वस्तीत, कोणत्या पायरीपर्यंत आणि किती तासांत पाणी पोहोचते, याचा तक्ता त्यांवरून प्रत्येक नदीकाठच्या वस्तीसाठी तयार करता येईल. पात्रात बदल होईल तसा तो दुरुस्त करावा लागेल. पुलांच्या खांबांवर आणि सोसायट्यांच्या प्रवेशद्वारांवर तशा खुणा रंगवण्याचा खर्चही फारसा नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा किती घनफूट पाणी पुण्यात आले, हे सांगणारे आज थोडेच. पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढले होते, हे मात्र जुन्या पेठांतील घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ‘नदीपात्रात ३५ हजार क्युसेकने विसर्ग, नागरिकांनी सतर्क राहावे’ एवढ्या निवेदनावर प्रशासनाची जबाबदारी संपू नये. मध्यरात्री ते वाचणाऱ्याला सामान कोणत्या मजल्यावर हलवायचे, हे त्यातून कळले पाहिजे.